नाही म्हणणारी झडप

गावच्या टाकीत पाणी यायचं थांबलं तेव्हा लोकांनी आधी पंपाला नावं ठेवली, मग आभाळाला, आणि दोन्हींकडून उत्तर येईना तेव्हा बोरेताला. तिचा दोष एवढाच, की सगळ्या गावात वायरींमधलं कळणारी ती एकटी. राजधानीत, तारावात, पाणीखात्याच्या वर्कशॉपमध्ये तिनं उमेदीची वर्षं काढली होती. आईचे गुडघे गेले म्हणून नोकरी सोडून ती बेटावर परतली, आणि तेव्हापासून कुणाचा रेडिओ घरघरला, कुणाचा सोलर दिवा मालवला, की तो तिच्या बसायच्या लाकडी माचावर येऊन पडायचा. आता माचावर आणता येणार नाही अशी गोष्ट बिघडली होती.

बेट म्हणजे प्रवाळाची नि वाळूची एक लांबट पट्टी. एका बाजूला मोठा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये नारळ, केवडे आणि माणसं. पडलेला पाऊस वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा तरंगत राहतो. ही साय हलक्या हातानं काढावी लागते. घाईनं उपसली की खालून समुद्र वर येतो आणि मग सगळंच नासतं. यंदा तर साय कागदाएवढी पातळ झाली होती. शेवटचा धड पाऊस कधी झाला यावर म्हाताऱ्यांचे वाद होत.

म्हणून पंपाच्या पाइपावर एक झडप बसवलेली होती. विहिरीत बुडवलेली सळई पाण्याचा खारटपणा मोजायची, तिचा इशारा एका खोक्यातल्या बोर्डाकडे जायचा, आणि बोर्ड झडपेच्या कॉइलला वीज द्यायचा किंवा तोडायचा. वीज असेतोवर झडप उघडी. वीज गेली की आतली स्प्रिंग तिला मिटून टाकणार आणि पंपही थांबणार. खाऱ्या वाऱ्यानं ते खोकं आतून हिरवं पडलं होतं. बोर्ड मेला, वीज तुटली, झडप मिटली ती मिटलीच.

गाव मानेआबात जमलं. मानेआबा म्हणजे गावाच्या बैठकीचं मोठं छप्पर. तिथं प्रत्येक घराण्याची बसायची जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेली.

"मुळात झडप हवीच कशाला?" बाउरो म्हणाला. तो बोरेताच्या चुलत बहिणीचा, मारेवेआचा नवरा. जिभेला हाड नाही, पण होडीवर चौघांचं काम एकटा ओढणारा. "पाणी खारं झालं हे सांगायला माझी जीभ आहे की."

"आहे ना," बोरेता म्हणाली. "गेल्या महिन्यात तू ज्या पाण्याला गोड म्हणालास, त्यात साबणाला फेस धरत नव्हता."

लोक हसले. हसतानाही ओठ चिरत होते.

"बरं, जीभ नको," बाउरो म्हणाला. "हातानं फिरवायचा साधा नळ लावू. खारं आलं की बंद करू."

"कोण बंद करेल? तू? मागं तुझी सासू कळशी घेऊन उभी असताना?"

बाउरोनं चोरून बाजूला पाहिलं. सासू तिथंच बसली होती.

बोरेताचे थोरले काका, तेकिनेने, एवढा वेळ पोटरीवरची माशी हाकत होते. मारेवेआ त्यांचीच मुलगी. बैठकीत ते शेवटी बोलत. "नवं खोकं कधी येईल?" त्यांनी विचारलं.

"जहाज आलं की."

"जहाजाचं इंजिन तारावात उघडून पडलंय."

"मग घरात आहे त्यातून जमवते, काका. पण तोवर त्या पाइपाला कुणी हात लावायचा नाही."

घरात होता तो एक छोटा बोर्ड, तळहातात मावेल एवढा. तारावात असताना शिकण्यासाठी घेतलेला, बिस्किटांच्या डब्यात तांदळात पुरून ठेवलेला. शाळेचा लॅपटॉप मास्तरांनी दिला. जुन्या खोक्यातला एक ट्रान्झिस्टर वाचला होता, तो तिनं काढून घेतला. नारळाच्या करवंट्यांच्या निखाऱ्यावर खिळा तापवून तिनं जोड मारले. हात भाजला तेव्हा आई माचावरून म्हणाली, "मासा भाजतेस की काय? वास तसाच येतोय."

प्रोग्राम चार ओळींचा. सळईकडून आकडा वाच. आकडा चारशेच्या खाली असेल तर झडप उघड. वर गेला तर मीट. पुन्हा पहिल्यापासून. पाणी जितकं खारं तितका आकडा मोठा, एवढंच त्यामागचं गणित.

विहिरीवर नेऊन जोडल्यावर झडप टक् करून उघडली. बायकांनी कळशा उचलल्या. पण आकडा वाढून झडप मिटायची वेळ आली, की प्रत्येक वेळी बोर्ड बेशुद्ध पडल्यासारखा व्हायचा, सगळं विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून जागा व्हायचा. बोरेता त्याच्याकडे बघत बसली. मागं बायकांची रांग रिकाम्या कळशा घेऊन उभी होती. मग तिला आठवलं. कॉइलची वीज तोडली की कॉइल उलटी लाथ मारते. ती लाथ अडवायला मध्ये डायोड लागतो, आणि तो लावायला ती विसरली होती. तहानेनं तिचंही डोकं चालत नव्हतं. एका जळक्या चार्जरमधून तिनं डायोड उपटला आणि कॉइलवर आडवा लावला. बोर्ड शुद्धीवर राहिला.

मग दुसरंच सुरू झालं. आकडा चारशेच्या आगेमागे डुलायला लागला की झडप टकटक टकटक उघडझाप करायची. कॉइल एवढी तापली की हात लावता येईना. ती जळली असती तर दुसरी जहाजाशिवाय मिळणार नव्हती. बोरेतानं घाईघाईनं बॅटरीची वायर ओढली आणि तिथंच वाळूत मांडी घालून प्रोग्राम बदलला: चारशेला मिटायचं, पण साडेतीनशेच्या खाली उतरल्याखेरीज परत उघडायचं नाही. मध्ये पाण्याला निवळायला वेळ मिळेल.

हे चाललं. झडप थोडा वेळ उघडायची आणि बराच वेळ मिटून राहायची. माणशी पाणी थोडं, पण गोड. "तुझं यंत्र कमी बोलतं," बाउरो कळशी उचलताना म्हणाला, "पण बोललं की नाहीच म्हणतं. बायको म्हणून चाललं असतं." मारेवेआनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. बोरेताला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

मग मोठी भरती आली. पाऊस नसताना पौर्णिमेची भरती म्हणजे वाळूच्या खालून समुद्राचा खांदा वर उचलला जातो. आकडा चारशेवर गेला आणि तिथून हलेना. दिवसभर झडप मिटलेली. दुसऱ्या दिवशीही. नारळ होते, पण दुष्काळात झाडांनी शहाळी गाळून टाकली होती. हाताशी यायची ती मुठीएवढी, आत दोन घोट.

त्यातच मारेवेआची तान्ही पोर जुलाबानं आडवी झाली. दवाखान्यातल्या नर्सकडे मीठ-साखरेच्या पुड्या होत्या, पण कालवायला पाणी कुठं होतं? दुपारी बाउरो बोरेताच्या माचापाशी आला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. चेष्टा न करता तो खाली मांडी घालून बसला, मान खाली घालून.

"ताई, मी बुबूस करायला आलोय."

बुबूस म्हणजे मागणं. आपल्या माणसानं असं समोर बसून काही मागितलं की ते द्यायचं. होडी मागितली तरी, मूल दत्तक मागितलं तरी. नाही म्हणणाऱ्याचं तोंड गावात काळं होतं आणि ते मुलांच्या काळापर्यंत काळंच राहतं.

"हे मागू नकोस," बोरेता म्हणाली. "माझी सायकल माग. जाळं माग."

"सायकल पोरीला पाजू?"

"बाउरो, आकडा मी वाढवला तर पाणी मचूळ येईल. आणि उपसलं की आणखी खारं होईल. मग कुणालाच नाही उरणार."

"एक बादली, ताई. एका बादलीनं समुद्र वर येत नाही."

हे खरं होतं. एका बादलीनं काही बिघडत नव्हतं. आणि त्यानं मागितलं होतं. बोरेतानं लॅपटॉप घेतला, विहिरीवर जाऊन चारशेच्या जागी चारशे तीस लिहिलं. उघडायचा आकडाही चारशे वीसवर नेला. झडप टक् करून उघडली. बादली भरली, तिनं आकडा परत खाली आणला. पाणी जिभेला जरा जड होतं. नर्सनं चाखून अर्धीच पुडी घालायला सांगितली. मारेवेआ चमच्या चमच्यानं पाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोर डोळे उघडून रडली. तिच्या डोळ्यांत पाणी बघून आजोबा तेकिनेने मान फिरवून समुद्राकडे बघत बसले.

पोर वाचली हे चांगलंच झालं. पण पोर कशानं वाचली हेही गावाला कळलं.

संध्याकाळच्या आत बोरेताची मावशी येऊन बसली, आपल्या आजारी नवऱ्यासाठी. मग शेजारची, दिवस भरत आलेली. मग चर्चचे बुवा, अंथरुणाला खिळलेल्या दोन म्हाताऱ्यांसाठी. कुणी खोटं बोलत नव्हतं. एक जण डुकरांसाठी आला, त्याला तिनं सुका मासा देऊन वाटेला लावलं. बाकी सगळे आपलेच. सगळे मांडी घालून, मान खाली घालून बसत. आकडा बदलायला क्षणभरही लागत नसे. लागला असता तर बरं झालं असतं. चारशे तीस, मग चारशे साठ, कारण चारशे तिसावर आता झडप उघडेना. मग पाचशे.

एकदा तिनं लॅपटॉप शाळेत ठेवला आणि मोठ्या समुद्राच्या बाजूला खडकांमध्ये जाऊन बसली. दोन बायका तिला शोधत तिथं आल्या आणि खडकावरच मांडी घालून बसल्या.

"अगं, मी माणूस आहे," बोरेता त्यांना म्हणाली. "माझ्याकडे मागता, ते विहिरीकडे मागा ना."

"विहिरीशी आमचं नातं नाही गं," त्यातली एक म्हणाली. ती खरंच लाजली होती.

बोरेता उठली, शाळेतून लॅपटॉप घेतला आणि विहिरीवर गेली. पुढच्या भरतीला आकडा एकदम आठशेवर चढला.

आता वाढवायला काही उरलंच नव्हतं. झडप उघडली असती तरी पाइपातून समुद्रच आला असता. बोरेतानं चारशेचा आकडा परत लिहिला, पण त्याला काही अर्थ नव्हता. ती विहिरीपाशी उभी राहिली. बोर्ड बरोबर चालत होता, झडप बरोबर चालत होती, डायोड आपली लाथ मुकाट खात होता. चुकला होता तो एकच भाग, आणि तो तिथं उभा होता.

त्या दिवशी गाव पुन्हा मानेआबात जमलं. बाउरो खांबाला टेकून खाली बघत होता. बोरेता कडेला बसली, आपल्याला आता काय ऐकावं लागणार याची वाट बघत.

"कुणाचं चुकलं हे विचारायला मी बसलेलो नाही," तेकिनेने म्हणाले. "मागितलं ते मागणाऱ्यानं बरोबर केलं. दिलं ते देणारीनं बरोबर केलं. तरी पाणी गेलं." ते उठले आणि, म्हातारं माणूस तरण्यापुढं कधी बसत नाही तसे, बोरेतासमोर येऊन मांडी घालून बसले. मानेआबात कुजबूज झाली.

"काका, उठा," ती म्हणाली.

"बोरेता, मी तुझ्याकडे बुबूस करतो. तो आकडा मला दे."

तिला कळलं नाही. "कुठला आकडा?"

"ज्याच्यावर झडप मिटते तो. एकदा मला दिलास की तो तुझा उरणार नाही. मग तुझ्यापुढं येऊन कोण काय मागेल?"

"मग तुमच्याकडे मागू," मागून एक बाई म्हणाली.

"मागा की. पण मी तो लगेच या मानेआबाला देणार आहे. या खांबांपुढं मांडी घालून बसा. कुठला खांब हो म्हणतो बघू."

थोडं हसू फुटलं. बोरेतानं मान डोलावली. "घ्या," ती म्हणाली. "तुमचा झाला."

"किती होता?"

"चारशे."

"तीनशे कर. विहिरीला सावरू दे."

"काका, तीनशेवर झडप फार दिवस मिटून राहील. तुमची नात—"

"माझी नात याच गावात आहे. तीनशे."

तिनं तीनशेला मिटायचं नि अडीचशेच्या खाली उघडायचं लिहिलं. मग प्रोग्रामवर कुलूप घातलं. यापुढं त्या बोर्डाला नवीन काही शिकवता येणार नव्हतं, तिलाही नाही. लॅपटॉप मास्तरांना परत दिला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. उत्तरेकडच्या बेटावर होड्या जायच्या. तिथल्या विहिरीही तळाला गेलेल्या, पण मागितल्यावर तिथले लोक देत. बाउरोनं सर्वांत जास्त खेपा केल्या. आणलेल्या कळशांमधलं पाणी तो स्वतः वाटायचा आणि आपल्या घरी शेवटी जायचा. त्याचे तळहात वल्ह्यानं सोलले होते, आणि चेष्टा करणं त्यानं सोडून दिलं होतं. मारेवेआ एकदा म्हणाली, "ताई, त्याला एखादी शिवी तरी दे. तुझ्या शिवीची वाट बघतोय तो." पण बोरेताला शिवी सुचली नाही.

बोरेताची आई आपल्या वाटणीची शहाळी शेजारच्या पोरांना देऊन टाकायची. बोरेतानं तिला पकडलं.

"आई, ते तुझ्यासाठी होतं."

"पोरांनी मागितलं. काय सांगू त्यांना?"

"नाही म्हणायचं."

"तुझी झडप म्हणते ना नाही," आई म्हणाली. "गावाला तेवढी एक पुरे."

एका दुपारी केवड्याच्या चटईवर कुशीला वळून ती झोपली ती उठली नाही. बायका म्हणाल्या, वय झालं होतं. नर्सही तसंच म्हणाली. बोरेतानं ऐकून घेतलं. खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारण्यासारखं कुणी नव्हतं. आईला पुरायला रीतीप्रमाणे घराशेजारी वाळूत खड्डा खणला तेव्हा खालून पाणी झिरपलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. बाउरोनं तिच्या हाताला धरून तिला बाजूला घेतलं.

विहीर कधी सुधारेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बोरेता तिकडं जाईनाशी झाली. बोर्डाकडे बघायचं म्हटलं की तिला तिथं रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या बायका दिसायच्या, मांडी घालून बसलेले सगळे दिसायचे. ती माचावर पडून राहायची आणि शेजारचा रेडिओ तारावातल्या जहाजाचं काय सांगतो ते कान देऊन ऐकायची.

एका सकाळी मारेवेआ पोरीला काखेत घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, झडप वाजली."

दोघी गेल्या. टाकीच्या तळाला पाइपातून करंगळीएवढी धार पडत होती. आठ-दहा माणसं उभी होती, कुणी कळशी पुढं केली नव्हती. धार थोडा वेळ चालली आणि टक् करून थांबली. मागं एक पोरगी "अजून" म्हणाली, तिला तिच्या आईनं गप्प केलं. बाउरोनं टाकीतलं पाणी पेल्यापेल्यानं मोजून वाटलं. माणशी अर्धा पेला आला. बोरेताला तिचा दिला तेव्हा ती तो हातात धरून उभी राहिली.

"पी," तो म्हणाला. "नाहीतर मी मागेन."

तिच्या तोंडून हसू आलं आणि त्याबरोबरच रडू. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. विहिरीच्या कठड्याला धरून ती खाली बसली, आणि मारेवेआ तिच्याजवळ टेकली. बाउरो त्यांच्यावर सावली येईल असा उभा राहिला. जहाज त्यानंतरही बराच काळ आलं नाही, पाऊस त्याच्याही नंतर आला. पण त्या सकाळी माणसं टाकीभोवतीच वाळूत बसून राहिली, झडप पुन्हा कधी उघडते त्याची वाट बघत, आणि बोरेताकडे कुणी काही मागितलं नाही.